बोंडावरची अळी फोटोत नीट का येत नाही? कमी खर्चातील मॅक्रो फोटोग्राफीची ओळख

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या धरू लागल्या की आमच्या भागातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जवळपास रोज एक तरी फोटो येतो आणि त्याखाली एकच प्रश्न असतो : ही कोणती कीड आहे आणि काय फवारावे? फोटोत पानाचे देठ ठसठशीत दिसते, मागच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळही ओळखू येते. ज्या किडीसाठी फोटो काढला ती मात्र राखाडी ठिपका होऊन बसलेली असते. उत्तर देणारा कितीही जाणकार असला, तरी त्या ठिपक्यावरून मावा कोणता आणि तुडतुडा कोणता हे त्याला सांगता येत नाही. दुसरीकडे स्वस्तातल्या स्वस्त फोनच्या खोक्यावरही ‘मॅक्रो कॅमेरा’ असे शब्द छापलेले असतात, आणि त्याच फोनने काढलेला फोटो असा का येतो, हे विकणारा सांगत नाही.

मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे अगदी लहान वस्तूंचे जवळून काढलेले फोटो, हा श्रीमंतांचा छंद आहे असा समज त्यामुळे पक्का होतो. तो समज चुकीचा आहे. या छंदाला लागणारे शास्त्र दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील भिंगांच्या धड्यात आहे, सुरुवातीचे साहित्य काही शे रुपयांत मिळते, आणि फोटो काढण्याजोगे विषय तर विदर्भातील कोणत्याही वावराच्या धुऱ्यावर पुण्या-मुंबईपेक्षा अधिक सापडतात. खर्च नेमका कशावर करावा आणि कशावर करू नये, एवढे मात्र आधी समजून घ्यायला हवे.

मॅक्रो म्हणजे नेमके किती जवळ?

जवळून काढलेल्या कोणत्याही फोटोला आज मॅक्रो म्हटले जाते, पण या शब्दाचा मूळ अर्थ मोजता येण्याजोगा आहे. कॅमेऱ्यात जेथे पूर्वी फिल्म असे तेथे आता प्रकाश टिपणारी एक लहान आयताकृती चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. भिंगातून येणारी वस्तूची प्रतिमा या सेन्सरवर वस्तूएवढीच मोठी पडली, म्हणजे ६ मिलिमीटरचा ढालकिडा (लेडीबर्ड) सेन्सरवरही ६ मिलिमीटरच भरला, तर त्याला एकास एक विशालन म्हणतात, आणि परंपरेने मॅक्रोची सुरुवात येथून मानली जाते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे असतात तशा बहुतेक साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे एकास एक विशालनाला तो ढालकिडा फोटोच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा व्यापतो.

फोनचा सेन्सर याहून खूप लहान, बहुधा १ सेंटिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो, म्हणून फोनच्या बाबतीत एकास एकचा हिशेब करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एक साधी कसोटी सर्वांना लागू पडते. कंपासपेटीतील पट्टी घ्यावी, फोन किंवा कॅमेरा ती स्पष्ट दिसेल इतका जवळ न्यावा, फोटो काढावा आणि फोटोच्या संपूर्ण रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजावे. ५० मिलिमीटर मावत असतील तर फुलपाखरे आणि मोठ्या अळ्या चांगल्या येतील. २० ते २५ मावत असतील तर ढालकिडे, माश्या आणि कोळी हाताशी आले असे समजावे. मावा आणि फुलकिडे यांच्यासाठी मात्र ५ ते १० मिलिमीटरपर्यंत उतरावे लागते. कोणतेही भिंग विकत घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर ही पट्टीची चाचणी केली, तर जाहिरातीतील मोठ्या आकड्यांना भुलण्याची वेळ येत नाही.

फोनला चाळिशी लागलेली असते

वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि पंचांग हातभर लांब धरल्याशिवाय त्यातली अक्षरे लागत नाहीत. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची स्थिती तशीच असते. तो लांबचे उत्तम पाहतो, परंतु साधारण १० सेंटिमीटरच्या आत आणलेली वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही, आणि मोठ्या सेन्सरच्या नव्या महागड्या फोनमध्ये तर हे अंतर १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढलेले असते. किडा लहान आहे म्हणून आपण फोन आणखी जवळ नेतो, आणि जितका जवळ नेतो तितका फोटो अधिक बिघडतो. गटांवरच्या बहुतेक फसलेल्या फोटोंचे कारण एवढेच असते.

चाळिशीवर जो उपाय तोच येथेही चालतो : डोळ्यापुढे एक बहिर्गोल भिंग ठेवावे. चष्म्याच्या चिठ्ठीवर जो ‘अधिक दोन’ असा आकडा असतो तो भिंगाच्या शक्तीचा, म्हणजे डायॉप्टरचा असतो. १०० सेंटिमीटरला या आकड्याने भागले की ते भिंग लावल्यावर किती अंतरावरची वस्तू स्पष्ट होईल ते कळते. अधिक चारचे भिंग २५ सेंटिमीटरवर पाहते, अधिक दहाचे १० सेंटिमीटरवर, आणि सोनार किंवा घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर डोळ्याला लावतो ते दहापटीचे भिंग सुमारे अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे ते ४० डायॉप्टरचे असते. आजोबांचा वाचण्याचा चष्मा फोनपुढे धरूनही हा परिणाम पाहता येतो, आणि नवशिक्याने पहिला प्रयोग तोच करावा, कारण त्याला काही खर्च येत नाही.

कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील वाचकांना एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. एका लहानशा भिंगातून सूक्ष्मजीव प्रथम पाहणारा सतराव्या शतकातील आंतोनी व्हान लेवेनहूक हा विद्यापीठातला पंडित नव्हता. तो हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी होता, आणि त्याच्या धंद्यात कापडाचे सूत भिंगाखाली तपासण्याची रीत होती. त्याने स्वतः घडवलेल्या, मोहरीच्या दाण्याशी तुलना करावी एवढ्या काचेच्या भिंगांपैकी आज उरलेल्या एकाचे विशालन अडीचशेपटीहून अधिक भरते. भिंगाचा लहानपणा आणि साधेपणा हा दोष नसतो, हे त्याच्या कामावरून दिसते.

हातात फोन असेल तर सुरुवात कशी करावी?

प्रथम आपल्या फोनमधील ‘मॅक्रो’ तपासावा. स्वस्त फोनमध्ये त्यासाठी अनेकदा २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा बसवलेला असतो. तो सुमारे ४ सेंटिमीटर या एकाच अंतरावर पाहू शकतो आणि त्याचा फोटो इतका कमी तपशिलाचा असतो की त्यावर वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही फोनमध्ये मात्र रुंद दृश्य टिपणारा, म्हणजे अल्ट्रावाइड कॅमेराच जवळ फोकस करू शकतो, आणि तो खरोखर उपयोगाचा असतो. त्याची एकच अडचण म्हणजे तो दोन-चार सेंटिमीटरपर्यंत जवळ न्यावा लागतो. तेवढ्यात फोनची सावली किड्यावर पडते आणि किडा उडून जातो.

म्हणून मुख्य कॅमेऱ्यापुढे बाहेरून भिंग लावण्याचा मार्ग मला अधिक पसंत आहे. दहापटीचे सोनारी भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळते. ते फोनच्या कव्हरला भोक पाडून चिकटपट्टीने बसवले की काम झाले. चिमट्याने लावण्याची तयार भिंगेही मिळतात, पण ती घेताना पट्टीचा फोटो काढून कडा पाहाव्यात. मी घेतलेल्या पहिल्या अशा भिंगात मधला भाग तेवढा स्पष्ट आणि भोवतीचे सगळे विस्कटलेले येत असे. बिघडलेल्या खेळण्यातील लेझर टॉर्चचे इवलेसे भिंग काढून ते केसांच्या पिनेत धरून फोनला लावले, तर त्याहूनही बरेच मोठे विशालन मिळते, आणि मिठाचा कण खरोखरच चौकोनी घन असतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. फोनच्या भिंगावर पाण्याचा थेंब ठेवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे, परंतु त्यात फोनमध्ये पाणी जाण्याचा धोका असल्यामुळे मी तो देणार नाही.

बाहेरचे भिंग लावल्यावर फोनच्या फोकसवर विसंबून राहू नये. पडद्यावर बोट दाबून फोकस एका जागी बांधून ठेवावा आणि मग संपूर्ण फोनच मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे सरकवत, किडीचा डोळा स्पष्ट दिसल्या क्षणी फोटो काढावा. हाताची ही सवय पुढे कितीही महाग कॅमेरा घेतला तरी लागतेच.

जुना कॅमेरा असेल तर

तालुक्याच्या गावी जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्याबरोबरचे साधे १८–५५ भिंग वापरलेल्या स्थितीत मिळणे आता अवघड राहिलेले नाही. अशा कॅमेऱ्याचे भिंग बाजारात मिळणाऱ्या खास मॅक्रो भिंगाच्या तोडीस आणण्याचे काही मार्ग आहेत, आणि त्या सर्वांचा खर्च मॅक्रो भिंगाच्या किमतीच्या अगदी लहान अंशात भागतो.

सर्वांत सोपा मार्ग चष्म्याचाच आहे. भिंगाच्या तोंडावर आट्यांनी बसवण्याची जोड-भिंगे अधिक एक, दोन, चार, दहा अशा शक्तींची मिळतात. ती लांबचे पाहणाऱ्या झूम भिंगावर सर्वांत चांगली चालतात, आणि याचा हिशेब सुंदर आहे : झूमचे नाभीय अंतर, म्हणजे त्यावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा, मीटरमध्ये घेऊन त्याला डायॉप्टरने गुणले की विशालन मिळते. २५० मिलिमीटरचे झूम आणि अधिक चारचे जोड-भिंग म्हणजे ०.२५ गुणिले ४, म्हणजे नेमके एकास एक. आणि ते २५ सेंटिमीटर दुरून, फुलपाखरू न उडवता. एकेरी काचेच्या जोड-भिंगात पांढऱ्या कडांना जांभळ्या-हिरव्या छटा येतात. दोन काचा एकत्र चिकटवून हा दोष काढलेली भिंगे महाग असतात, तरी झूम आधीच असलेल्याने शक्य असल्यास तीच घ्यावीत. रेनॉक्स कंपनीचे डीसीआर-२५० हे अधिक आठचे भिंग त्यासाठी जगभरच्या हौशी छायाचित्रकारांत प्रसिद्ध आहे.

दुसरा मार्ग नळ्यांचा आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर भिंगाने मेणबत्तीची प्रतिमा पाडून पाहावी. मेणबत्ती भिंगाच्या जवळ आणत गेले की प्रतिमा स्पष्ट ठेवण्यासाठी भिंगाला भिंतीपासून दूर सरकवावे लागते, आणि प्रतिमा मोठी पण अंधूक होत जाते. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये पोकळ नळी बसवली की नेमके हेच घडते. नळीत काच नसते, त्यामुळे तिची गुणवत्ता हा प्रश्न उद्भवत नाही. नळीची लांबी भागिले भिंगाचे नाभीय अंतर, इतके विशालन वाढते. म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगामागे ५० मिलिमीटरची नळी आली की एकास एक. अगदी स्वस्त नळ्यांतून कॅमेरा भिंगाशी संपर्क साधू शकत नाही आणि नव्या भिंगांचे प्रकाश आत सोडणारे छिद्र कमीजास्त करता येत नाही, म्हणून एक तर विद्युत संपर्क असलेल्या थोड्या महाग नळ्या घ्याव्यात, किंवा छिद्राचे कडे बाहेरून फिरवता येणारे जुने भिंग वापरावे.

अशी जुनी भिंगे मिळण्याची जागा म्हणजे गावोगावचे बंद पडत चाललेले फोटो स्टुडिओ. त्यांच्या कपाटात फिल्मच्या काळातील ५० मिलिमीटरची भिंगे पडून असतात, आणि ज्यांच्याकडे फोटो धुण्याची अंधारी खोली होती त्यांच्याकडे एन्लार्जरचे भिंगही असते. ते भिंग मुळातच सपाट कागदावर जवळून प्रतिमा पाडण्यासाठी घडवलेले असल्याने मॅक्रोसाठी फार चांगले चालते. धूळ पुसून ते एखाद्या नव्या हौशी माणसाच्या हाती पडले तर स्टुडिओवाल्यालाही बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

उरला तो भिंग उलटे बसवण्याचा मार्ग, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. रिव्हर्स रिंग नावाची दोन-तीनशे रुपयांची कडी भिंगाच्या तोंडाला लावून भिंग उलटे कॅमेऱ्यावर चढवतात. ५० मिलिमीटरचे भिंग असे उलटवले की एकास एकच्या आसपास पोहोचते, आणि १८–५५ हे भिंग १८ वर ठेवून उलटवले तर विशालन तिपटीच्या घरात जाते. नाभीय अंतर जितके कमी तितके विशालन अधिक, हा येथील उलटा नियम लक्षात ठेवावा. किडा भिंगापासून चार-पाच सेंटिमीटरवरच असावा लागतो, आणि भिंगाची नाजूक मागची बाजू बाहेर उघडी पडते. चैत्र-वैशाखातील आमच्याकडची धूळ पाहता, उघड्या वावरात हा प्रयोग जपूनच करावा.

सगळे केले, तरी फोटो धूसर का?

येथे बहुतेक जण निराश होतात आणि आपले साहित्य वाईट आहे असा निष्कर्ष काढतात. खरे कारण वेगळे आहे. कोणत्याही फोटोत ठरावीक अंतरावरचा एक थर स्पष्ट असतो आणि त्याच्या पुढचे-मागचे धूसर होत जाते; या थराच्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लग्नाच्या फोटोत ही जाडी काही मीटर असते. एकास एक विशालनाला, भिंगाचे छिद्र ८ या आकड्यावर ठेवले असता (हा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक), ती साधारण ०.६ मिलिमीटर उरते. वहीची सहा पाने एकावर एक ठेवली तर होते तेवढी ही जाडी आहे. ज्वारीचा दाणा घेतला तर त्याचा जेमतेम सहावा भाग एका फोटोत स्पष्ट येईल, आणि विशालन दुप्पट केले तर ही जाडी आणखी निम्म्याहून कमी होईल.

छिद्र अधिक बारीक केले तर थर जाड होतो, हे खरे. मग ते २२ पर्यंत का नेऊ नये, असा प्रश्न येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे भिंग सेन्सरपासून लांब गेल्याने छिद्र आकड्यापेक्षा बारीक असल्यासारखे वागते. एकास एक विशालनाला ८ हा आकडा प्रत्यक्षात १६ सारखा असतो आणि प्रकाश चौथा हिस्साच पोहोचतो. दुसरे म्हणजे फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांपाशी पसरतो आणि फोटोचा सगळाच तपशील मऊ होतो, अगदी स्पष्ट थरातलादेखील. म्हणून एकास एकपर्यंत ८ ते ११, आणि त्याहून मोठ्या विशालनाला ५.६ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे असते.

यावर पहिला उपाय फुकट आहे. किडीचे शरीर ज्या पातळीत पसरलेले असेल त्या पातळीला कॅमेरा समांतर धरावा. फुलपाखराचे मिटलेले पंख बाजूने टिपले तर ते पूर्ण स्पष्ट येतात. तेच तिरपे टिपले तर एक पट्टाच स्पष्ट होतो. सगळे काही स्पष्ट करणे शक्य नसेल तर निदान डोळे स्पष्ट असावेत.

पैसे भिंगावर नव्हे, प्रकाशावर खर्च करावेत

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही असावी. विशालन वाढले की हादराही तितकाच वाढतो. वाऱ्याच्या झुळुकीने पान केवळ ०.१ मिलिमीटर हलले, तरी एकास एक विशालनाला २४ मेगापिक्सेलच्या साध्या डीएसएलआरमध्ये किडा सुमारे २५ ठिपक्यांनी घसरतो. त्यावर छिद्र बारीक, त्यावर नळीने खाल्लेला प्रकाश, म्हणून कॅमेरा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो आणि फोटो हलतो. तिपाई कॅमेऱ्याला स्थिर करते, पण ती पानाला स्थिर करू शकत नाही.

कमी शक्तीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो. तेवढ्या वेळात पान हलत नाही, हातही हलत नाही. हाताने शक्ती ठरवण्याचा साधा फ्लॅश दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो आणि कोणत्याही भिंगापेक्षा तो फोटो अधिक सुधारतो. फोनवाल्यांनी दुसरा फोन किंवा लहान एलईडी टॉर्च बाजूने धरण्यासाठी घरातील एखाद्या मुलाला सोबत घ्यावे.

‘फ्लॅशने फोटो कृत्रिम दिसतो’ हा आक्षेप रास्त आहे, पण दोष फ्लॅशच्या लहानपणाचा असतो. मे महिन्यातील दुपारच्या उन्हात सावल्या धारदार असतात आणि श्रावणातल्या ढगाळ दिवशी त्या जवळपास नाहीशा होतात. सूर्य तोच असतो, ढगांमुळे प्रकाश सबंध आभाळातून येऊ लागतो. फ्लॅशपुढे बटर पेपर किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीचे पांढरे प्लॅस्टिक किड्याच्या जितके जवळ आणता येईल तितके आणावे, म्हणजे त्या इवल्याशा जीवासाठी तेच ढगाळ आभाळ होते. ढालकिड्याची पाठ आरशासारखी असते आणि तिच्यावर दिसणारा पांढरा चट्टा म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब असते, हे ध्यानात घेतले की दिवा मोठा आणि मऊ का हवा हे आपोआप कळते.

मागची बाजू काळी येते, ही दुसरी तक्रार. दिव्यापासून किडा ५ सेंटिमीटरवर आणि मागचे पान १५ सेंटिमीटरवर असेल, तर अंतर तिप्पट झाल्याने पानाला नववा हिस्सा प्रकाश मिळतो. पान लगेच मागे येईल असा कोन शोधावा, किंवा एखादे वाळलेले पळसाचे पान तेथे धरावे.

‘अनेक फोटो जोडून केलेला फोटो खरा कसा?’

स्पष्ट थर पातळ असल्याने, कॅमेरा किंचित पुढे सरकवत दहा-वीस फोटो काढतात आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकावर एकत्र करतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात आणि त्यासाठी पिकोले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात फोटोत नसलेले काही घातले जात नाही. भिंत सारवणारी बाई एका जागी उभी राहून सगळी भिंत सारवू शकत नाही, ती सरकत जाते. येथेही एवढेच घडते. अट इतकीच की तेवढा वेळ विषय हलता कामा नये, म्हणून थंडीतल्या पहाटेचे दवाने गारठलेले कीटक, बिया, आणि सरकीवरचे तंतू यांच्यावर हा प्रयोग यशस्वी होतो. कापसाचा एक तंतू १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो, आणि उलट्या भिंगातून पाहिला तर तो गोल दोऱ्यासारखा नसून पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या वेचत आलेल्या कापसाचे हे रूप पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ फोटोकडे पाहत राहिलो होतो.

‘एवढे लहान पाहून उपयोग काय?’

छंदाला उपयोग असलाच पाहिजे असे नाही, पण आमच्या भागात तो आहे. पिकावर दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. ढालकिड्याची अळी काळसर, त्यावर नारिंगी ठिपके आणि सुसरीसारखे खरबरीत अंग अशी भीतिदायक दिसते, त्यामुळे अनेक जण तिलाच कीड समजून फवारणी करतात. प्रत्यक्षात ती मावा खाणारी मित्रकीटक आहे. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला लटकलेली पांढरट अंडी बुरशीसारखी वाटतात, ती क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाची असतात. माव्याच्या थव्यात काही मावे फुगलेले, तपकिरी आणि पाठीला गोल भोक पडलेले दिसले, तर परोपजीवी गांधीलमाशीने आत अंडे घातले होते आणि तिचे पिल्लू माव्याला आतून खाऊन बाहेर पडले आहे, असा त्याचा अर्थ होतो. हे तिन्ही तपशील नुसत्या डोळ्यांना निसटतात आणि दोनशे रुपयांच्या भिंगातून स्पष्ट दिसतात.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहत असल्यामुळे तिचा सुगावा बाहेरच्या खुणांवरून घ्यावा लागतो : पाकळ्या न उमलता गुंडाळलेली डोमकळी, आणि मादीच्या गंधाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकणारे लहान पतंग. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग सापडले तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला असतो, आणि सापळ्यातला पतंग त्याच अळीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे विचारण्यासाठी स्वच्छ फोटोपेक्षा चांगले साधन नाही. असा फोटो पाठवताना वरून एक, बाजूने एक, पट्टी शेजारी ठेवून एक, आणि झाडाचा कोणता भाग आहे ते दाखवणारा एक, असे चार फोटो पाठवावेत. ओळख पटवण्याचे काम मात्र कृषी विज्ञान केंद्रातील किंवा विद्यापीठातील जाणकारांवर सोपवावे. फोटो काढणाऱ्याने फोटो पाहून औषध सुचवू नये.

वावरात जाताना

फवारणी झालेल्या शेतात फोटोसाठी शिरू नये. याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. मॅक्रोसाठी आपण पानाला नाक लागेपर्यंत वाकतो, याचे भान असावे. धुऱ्यावर गुडघे टेकण्यापूर्वी काठीने गवत हलवून पाहावे, पायांत बूट असावेत, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत पहाटे एकट्याने खाली वाकून बसू नये.

पहाट ही कीटकांसाठी उत्तम वेळ असते, कारण त्यांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते आणि ऊन चढेपर्यंत ते संथ असतात. तोच परिणाम साधण्यासाठी काही जण किडे शीतपेटीत ठेवतात किंवा चिकटवतात. असे कधीही करू नये. आमच्याकडे विषयांची टंचाई नाही. मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला की लाल मखमलीचा मृगाचा किडा जमिनीवर येतो. त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्याच्या कुळातला आहे. रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या रंगाचे नाकतोडे बसलेले असतात. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी ही सुंदर फुलपाखराचे बालपण असते. उडी मारून शिकार करणारे लहान कोळी तर घराच्या भिंतीवरच सापडतात आणि ते आपले दोन मोठे डोळे रोखून थेट कॅमेऱ्याकडे पाहतात.

खास मॅक्रो भिंग कधी घ्यावे?

एक पावसाळा आणि एक हिवाळा वर सांगितलेल्या साहित्यावर काढावा. त्या काळात काढलेल्या फोटोंपैकी वाया गेलेले फोटो पुन्हा पाहावेत आणि प्रत्येक का वाया गेला ते लिहून ठेवावे. बहुतेक फोटो हलल्यामुळे किंवा प्रकाश कमी पडल्यामुळे गेले असतील, तर नवे भिंग काहीच बदलणार नाही. फ्लॅशपुढचा कागद सुधारावा. किडा उडून गेल्यामुळे गेले असतील, तर झूम आणि जोड-भिंग यांची जोडी पुरेशी आहे. नळ्या काढा-घाला करण्यात क्षण निसटतात, दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून टिपण्याची गरज वारंवार पडते आणि कडांवरचे रंग मोठ्या छपाईत खटकतात, अशा नोंदी वाढू लागल्या, तरच ९० ते १०० मिलिमीटरचे वापरलेले मॅक्रो भिंग शोधायला लागावे, आणि तेही विकत घेण्यापूर्वी कंपासपेटीतील पट्टीवर तपासून घ्यावे.